खुद्द कोण हाय?

मनोहर सोनटक्के यांना फोन लावला तर ते 'हॅलो' म्हणत नाहीत. पलीकडून खणखणीत आवाजात थेट सवाल येतो, "खुद्द बोलायलाव का कुणाच्या वतीनं?"

नवखा माणूस इथेच गडबडतो. 'मी अमुक साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय' असं तो चाचरत म्हणाला की संपलं. "मग साहेबांना द्या. खुद्द द्या. तुमी कशाला मधी ताटकळताव?" असं म्हणून सोनटक्के फोन कानाशी धरून शांत बसून राहतात. एकदा बँकेतून तो आधीच भरून ठेवलेला बाईचा आवाज आला. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. यांनी काहीही दाबलं नाही. बाईला सगळं बोलू दिलं आणि म्हणाले, "झालं का, बाई? आता तुमच्या मागं जो कुणी बसलाय त्याला द्या." बाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यांनीही केली. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी तिकडूनच फोन कट झाला. "घाबरली," सोनटक्के म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. तुळजापुरात, कुंकू आणि परड्या विकणाऱ्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, आमची चार टेबलांची कंपनी आहे. जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कागदोपत्री मी अप्पांची वरिष्ठ. वयाने ते माझ्या काकांएवढे, आणि हट्टाने कुणाएवढे हे अजून मोजून झालेलं नाही. पुण्यात बरीच वर्षं प्रोग्रॅमर म्हणून नोकरी केली, मग बायकोच्या आजारपणात सगळं गुंडाळून जळकोटला घरी परत आले. रोज एसटीने येतात. कंडक्टरने सुट्टे पैसे शेजारच्या प्रवाशाच्या हातून पाठवले तर घेत नाहीत. कंडक्टरला यावं लागतं.

मधला माणूस हा अप्पांचा जन्माचा वैरी. देवीलासुद्धा त्यांनी यातून सूट दिलेली नाही. माझा पुण्याचा मावसभाऊ एकदा फोनवर त्यांना म्हणाला, "अप्पा, तुम्ही तुळजापुरातच आहात, आमच्या नावानं एक ओटी भरून टाका ना." आता असं सांगायची पद्धतच आहे आमच्याकडे. गावात राहणाऱ्यांच्या वाट्याला हे काम ठरलेलं. मी स्वतः कितीजणांच्या नावानं ओट्या भरल्यात याचा हिशोब नाही. पण अप्पा म्हणाले, "भरतो की. पण रांगेत मी उभारणार, पाय माझे दुखणार, देवी बघणार मला. मग आशीर्वाद कुणाला लागंल? तुमी खुद्द या. आईला बी बघू द्या, पोरगं कसं दिसतं." मावसभाऊ माझ्यावर रुसला तो रुसलाच. पण त्या वर्षी बायकामुलांना घेऊन खुद्द आला, हेही सांगायला हवं.

त्यांच्या आजोळच्या गावातला किस्सा तर अप्पा स्वतःच रंगवून सांगतात. कसला तरी दाखला हवा होता म्हणून ते ग्रामपंचायतीत गेले. सरपंच एक बाई होत्या आणि खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले. हे चित्र आपल्याला नवं नाही.

"सरपंच कुठं हायत?"

"बोला की. मीच बघतो सगळं."

"तुमी बघा हो. सही कोण करतं?"

"सही आणून देतो ना घरून."

"मग मी बसतो," म्हणून अप्पा बाकावर बसले. यजमानांनी चहा पाजला, पाहुण्यांची चौकशी केली, आजोबांची आठवण काढली, पुन्हा चहा पाजला. अप्पा हलले नाहीत. शेवटी जेवणवेळेला सरपंचबाई पिठाचे हात घेऊन तरातरा आल्या. "कोण हाय त्यो? तव्यावरची भाकर करपली माझी! एका दाखल्यासाठी एवढं नाटक?" अप्पांनी उभं राहून हात जोडले, सही घेतली, आणखी चार शब्द ऐकून घेतले आणि हसतमुखाने परत आले. त्या बाई पुढे खुर्चीत बसायला लागल्या की नाही, ते मला माहीत नाही. पण अप्पांचं एक वाक्य त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात कायमचं वस्तीला आलं.

"मधला गोड बोलतो, ताई. खुद्द भांडतो. गोड बोलला की समजायचं, हा मधला हाय."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावीच लागेल. घाबरू नका, सोपी आहे. मोठं सॉफ्टवेअर म्हणजे कामं वाटून घेतलेली बरीच माणसं समजा. एक दूध लिहिणारा, एक फॅट लिहिणारा, एक पावती काढणारा. यांना कामावर आपण ठेवत नाही. फ्रेमवर्क नावाचा एक मुकादम असतो, तो ठेवतो. आपण म्हणायचं, मला दूध लिहिणारा पाहिजे. तो आणून उभा करतो. गंमत अशी की तो ज्याला उभा करतो तो दूध लिहिणारा नसतोच. त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्या नावाला ओ देणारा एक मधला असतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात. खरा त्याच्या मागे बसलेला. आपण मधल्याला सांगायचं आणि मधल्याने आत सांगायचं. हा मधला काही उगाच नसतो. आलेला माणूस कोण ते तो बघतो, कामाआधी दार उघडतो, कामानंतर लावतो, आणि काम अर्ध्यात मोडलं तर सगळं होतं तसं करून ठेवतो. जगभरचे प्रोग्रॅमर हे मुकाट्याने मान्य करतात. कित्येकांना तर आपण आयुष्यभर मधल्याशीच बोलतोय हे कळतही नाही.

अप्पांना कळलं. एकदा त्यांनी 'तू कोण?' म्हणून त्या दूध लिहिणाऱ्याचं नाव स्क्रीनवर छापून घेतलं. हातभर लांब नाव आलं, मध्ये दोन डॉलरची चिन्हं आणि पुढे आकडे. अप्पा खुर्चीतून उठलेच.

"ताई, मी दूधवाला मागितला. हे कोण हाय? ह्याच्या नावात डॉलर हायत!"

"अप्पा, प्रॉक्सी आहे तो. असतोच."

"असतोच म्हणून काय झालं? खुद्द कुठं हाय?"

मग त्यांनी एक छोटंसं कोड लिहिलं. कुठलाही मधला त्याच्या हातात द्या, ते त्याला सोलून आतला काढतं. आतलाही मधलाच निघाला तर त्यालाही सोलतं. खरा सापडेपर्यंत थांबत नाही. त्याचं नाव अप्पांनी ठेवलं 'खुद्द'. काम तपासताना हे कोड फार उपयोगी पडतं, हे मी मोकळ्या मनाने कबूल करते. आतला खरा काय करतोय ते त्याच्या तोंडून कळतं. पण अप्पांचं प्रेम तपासण्यापुरतं थांबणारं नव्हतं. मला न विचारता त्यांनी 'खुद्द' चालू कामात घातलं. म्हणजे केंद्रावरची नोंद मधल्याला टाळून थेट खऱ्याकडे जायला लागली.

आणि नळदुर्गकडच्या एका केंद्रात भर सकाळी, दूध घालायची रांग लागलेली असताना, लाइट गेली.

मधला असता तर त्याने अर्धवट झालेलं सगळं काम परत फिरवलं असतं. पण मधला होता कुठे? दूध लिहिलं गेलं, फॅट लिहायची राहिली. लाइट आल्यावर पावत्या निघाल्या त्यात म्हशीचं दूध आणि फॅट शून्य. केंद्रावर दूध घालणाऱ्या बायकांनी माझ्या फोनवर जो कल्ला केला तो मी जन्मात विसरणार नाही. "आमच्या म्हशी काय पानी देत्यात व्हय?" हा त्यातला सगळ्यात सौम्य प्रश्न.

मी म्हणाले, "अप्पा, मी सगळ्यांची माफी मागते आणि नोंदी दुरुस्त करून देते."

"तुमी कामून? चूक कुणाची?"

"तुमची!"

"मग माफी तुमच्या तोंडानं कशी जाईल? माफी ही मधल्याच्या हातनं पाठवायची वस्तू न्हाय, ताई." आणि पिशवी उचलून ते नळदुर्गच्या एसटीत बसलेसुद्धा.

केंद्रावर ते दुधाची किटली घेतलेल्या बायकांच्या रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "दूध आणलं न्हाय. तुमच्या म्हशींची फॅट ज्यानं खाल्ली, त्यो मी." मग काय विचारता! एका म्हातारीने तर त्यांना हाताला धरून घरी नेलं, गोठ्यात उभं केलं आणि म्हणाली, "हिची माग माफी. बदनामी हिची झाली." अप्पांनी मागितली. संध्याकाळी परत आले तेव्हा तोंड उन्हाने लाल झालेलं आणि स्वारी अशी खुशीत, जणू लग्नाचं जेवून आली. "लई शिव्या दिल्या. एक बी मधला न्हाय. म्हैससुद्धा खुद्द."

मला हसू येत होतं, पण मी ते गिळलं. कारण सोमवारी नवीन आवृत्ती सगळ्या केंद्रांवर जायची होती.

"अप्पा, आता ते 'खुद्द' चालू कामातून काढा."

"काढणार न्हाय."

"मधला असता तर अर्धवट लिहिलेली दुधाची नोंदही परत फिरली असती. काहीच बिघडलं नसतं."

"मंजूर."

"मग?"

"चूक मंजूर. काढणं नामंजूर."

मीही काही कमी नाही. आमची जुंपली. खालच्या दुकानात कुंकू घेणारी गिऱ्हाइकं मान वर करून बघायला लागली. मी म्हणाले, तुमच्या तत्त्वापायी म्हशी दुसऱ्यांदा बदनाम झाल्या तर याद राखा. ते म्हणाले, तुमच्यासारख्या मधल्यांना पाठीशी घालणाऱ्यांनीच मुलूख बिघडवलाय. शनिवारचा अख्खा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ती दोन ओळींची दुरुस्ती मीच करून टाकू शकले असते. पण अप्पांच्या कामाला अप्पांच्या माघारी हात लावायचा, हे मला पटेना. चिडले होते, तरी नाही पटलं. म्हणून रविवारी सकाळी स्कूटी काढली आणि जळकोट गाठलं.

हमरस्त्यापासून जरा आत त्यांचं दोन खोल्यांचं घर. अप्पा ओसरीत बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. घरात त्यांच्याशिवाय कुणी नाही आणि हा थाट. समोर स्टुलावर फोन ठेवलेला, त्याच्याकडे तोंड करून बसलेले.

"बसा ताई. भांडायचं मग. जरा थांबा."

फोन वाजला. मी मनातल्या मनात म्हटलं, आता 'खुद्द बोलायलाव का.' अप्पांनी स्पीकर लावला आणि असल्या मऊ आवाजात बोलले की मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. "हां, बोला प्रशांतराव."

प्रशांत त्यांचा जावई. मुलगी अश्विनी आणि तो हैदराबादला असतात.

"अप्पा, नमस्कार. अश्विनी आत आहे, जरा कामात. ती विचारत होती... गुडघा कसा आहे म्हणून."

"बरा हाय म्हणावं."

"ती म्हणाली... म्हणजे म्हणत होती, की विश्रांती घ्या. फार चालू नका."

"बरं. घेतो म्हणावं."

"आणि जेवण वेळेवर करा म्हणाली."

"करतो म्हणावं."

 अप्पा फोनकडे झुकले होते. मग प्रशांतने 'ठेवू का' विचारलं आणि अप्पांनी 'ठेवा' म्हटलं. मी थक्क झाले होते. कंडक्टरला मागच्या सीटपर्यंत चालायला लावणारा माणूस सख्ख्या लेकीच्या बाबतीत 'म्हणावं, म्हणावं' करत होता!

"अप्पा, तुम्ही 'खुद्द द्या' म्हणाला नाहीत."

अप्पा गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "ह्यातलं एक अक्षर बी अश्विनीनं म्हणलेलं न्हाय, ताई. तिचा धंदा काय? फिजिओथेरपी. गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला ती जिने चढाया लावती. विश्रांती हा शब्द तिच्या तोंडात येत न्हाय. हे सगळं प्रशांतराव जुळवत्यात. दर रविवारी. बोलताना कसे अडकत्यात बघितलं न्हवं? खोटं बोलायची सवय न्हाय बिचाऱ्याला. लई गुणाचं माणूस."

"आणि तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत आहे?"

"पहिल्या रविवारपासनं. 'काळजी घ्या' म्हणली म्हणं. अश्विनी आन् काळजी घ्या!"

अश्विनी बापाशी का बोलत नाही, हे मला विचारावं लागलं नाही. ते लग्न मी पाहिलं होतं. आमच्या अख्ख्या तालुक्याने पाहिलं होतं. बोलणी सगळी मुलाच्या काकांनी केलेली. मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलले होते, त्यांचं ठरलं होतं. पण अप्पांनी नवऱ्यामुलाच्या तोंडून खुद्द 'हो' ऐकलेलं नव्हतं आणि ते त्यांना आत सलत होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटच्या कडव्याला लोकांनी अक्षता उगारलेल्या. तेवढ्यात अप्पा पुढे झाले, अंतरपाट हाताने खाली केला आणि मुलाला विचारलं, "काका म्हणत्यात म्हणून उभारलाव का खुद्द मनानं?" माइक चालू होता. प्रशांत आधीच बुजरा, त्याला फुटेना शब्द. मांडवात खसखस पिकली. शेवटी तो 'हो' म्हणाला. तिथे तरी थांबायचं ना! पण अप्पा लेकीकडे वळले. "आन् तू?"

मुंडावळ्यांच्या आड अश्विनीचं तोंड पांढरं पडलं होतं. माइकमध्ये ती एकच शब्द बोलली, "हो." बापाशी ती शेवटचं बोलली ते तेच. खाण तशी माती. तिनेही मग माघार घेतली नाही.

"शालन असती तर माझा हात धरला असता तिनं," अप्पा म्हणाले. शालनकाकू, त्यांच्या पत्नी, लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. "ती होती तवर अशूचं माझ्याशी बोलणं सगळं तिच्या हातनं. 'अप्पांना सांग, सहलीला जायचंय.' मी शेजारच्या खोलीत. मी वरडायचो, खुद्द येऊन सांग! शालन म्हणायची, गप बसा, मी हाय ना मधी. आन् ताई, ती इकडचं तिकडं जे न्यायची ना, त्यातलं निम्मं आमी दोघं बी बोललेलोच नसायचो. गोड ते ती पदरचं घालायची. मला वाटायचं, फिजूल काम हाय. ती गेली. मग बाप आन् लेक समोरासमोर आले आन् तुमी बघितलंच काय झालं ते."

मला भरून आलं. चिडून आलेलं माणूस असं रडवेलं झालं की फार पंचाईत होते. मी म्हणाले, "मग एकदा फोन मागा तरी."

"मागितला तर प्रशांतराव नेतील तिच्यापाशी. ती न्हाय म्हणंल. मग पुढल्या रविवारी त्यांनी काय म्हणून फोन करायचा? आत्ता ती मागं हाय, एवढं तरी कळतं. भांडी वाजत्यात. एकदा खोकली."

"आणि माफी?"

"ती पाठवता येत न्हाय, सांगितलं की. ठेवलीय माझ्यापाशी. तिला खुद्दच द्यायची."

मी उठले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. स्कूटी चालू केल्यावर म्हणाले, "चालू कामातनं 'खुद्द' काढतो उद्या सकाळी. तपासायला मात्र राहणार. त्याला हात लावाल तर भांडण हाय."

त्याला मी हात लावला नाही. मधले आपापल्या जागी गेले, म्हशींची अब्रू सुखरूप राहिली आणि अप्पा कुरियरवाल्याशी, बँकेतल्या बाईशी, देवीच्या रांगेत नंबर लावून देणाऱ्यांशी पूर्वीसारखेच भांडत राहिले. मी मात्र दर रविवारी सकाळी घड्याळाकडे बघायला लागले होते.

मागच्या महिन्यात नवीन केंद्रं जोडायची होती म्हणून आम्हाला रविवारी ऑफिस उघडावं लागलं. अप्पा बसस्टँडवरून भराभर चालत आले, आमचा तो उभा जिना न थांबता चढले आणि खुर्चीवर चक्क मांडी घालून बसले. फोन समोर ठेवला. मी कामात असल्यासारखं दाखवत होते.

फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला, नमस्कार झाला. प्रशांत म्हणाला, "ती विचारतेय, गुडघा कसा आहे?"

अप्पांचा आवाज एकदम खोल विहिरीत गेला. "काय सांगू, प्रशांतराव. ती म्हणली तशी विश्रांती घेतली. आठवडा झाला, खाटंवरनं उठलोच न्हाय. आता वाकंनाच झालाय."

मी त्या न वाकणाऱ्या गुडघ्याकडे बघितलं. तो मांडीत दुमडून मजेत बसला होता. अप्पांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"अरे बापरे," प्रशांत म्हणाला. बिचारा खरंच घाबरला. "मग... ती म्हणतेय की... अजून आठवडाभर पडूनच राहा."

पलीकडे काहीतरी धाडकन आपटलं.

"मी कधी म्हणाले? आठवडाभर? कुणी सांगितलं त्यांना पडून राहायला? सांधा आखडून बसेल त्यांचा! उठायला सांग!"

अप्पांनी माझ्याकडे हात करून मला गप्प बसवलं. मी बोलत नव्हतेच. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज विहिरीतून भर्रकन वर आला होता.

"म्हणावं, उठणार न्हाय!"

"उठणार नाही? त्यांना विचार, यातलं कुणाला कळतं? त्यांना का मला?"

"म्हणावं, गुडघा कुणाचा हाय? तिचा का माझा?"

"अप्पा, ती म्हणतेय—"

"ऐकलं!"

"अप्पा," प्रशांत म्हणाला, "फोन देऊ का तिला?"

अप्पांनी मांडी मोडली. खाली रस्त्यावर कुणाचा तरी संबळ वाजत चालला होता. तो पुढे जाईपर्यंत ते थांबले.

"देऊ नका," ते म्हणाले. "तिला घेऊ द्या."

 मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली.

"अप्पा."

अप्पांनी फोन दोन्ही हातांनी उचलला. 

"आधी उठा," ती म्हणाली.

"उठलो."

"खोटं."

"उठलो गं! हे बघ." खरंच उठले. वाकून फोन चपलेपाशी नेला आणि फरशीवर पाय आपटला. "आला का आवाज? खुद्द माझा पाय हाय!"

"चाला आता. चाळीस पावलं. मी ऐकतेय."

अप्पा फोन गुडघ्याएवढा खाली धरून आमच्या चार टेबलांभोवती चालायला लागले. मध्येच ओरडायचे, "दुखतंय बरं का!" तिकडून यायचं, "दुखू दे!" खिडकीपाशी येऊन ते थांबले. फोन तोंडाजवळ आणला.

"अशू," ते म्हणाले, "त्या दिवशी मांडवात मी..."

"थांबायचं नाही, अप्पा," ती म्हणाली.  "चालत बोला."

अप्पा चालायला लागले आणि बोलायला लागले. मी त्यांच्या वाटेतली खुर्ची उचलली, ती घेऊनच बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.